एसी चालू, हवा चालू, पण दुपारी १ नंतर गारवा गायब – गॅस खरंच गेला असेल का?

वऱ्हाडी_ठेचा (नागपूर)

नमस्कार मंडळी. घर पण तापलंय आणि डोकं पण, त्यामुळे जरा लांबलचक लिहून राहिलो, सांभाळून घ्या.

दीड टनाचा स्प्लिट एसी आहे, इन्व्हर्टर, ३ स्टार, २०२२ च्या उन्हाळ्यात घेतलेला. स्टिकरवर गॅस आर-३२ लिहिलाय. बेडरूम १२ बाय १४, तिसरा मजला, वर थेट गच्ची आणि खिडकी पश्चिमेला, म्हणजे भट्टीच समजा. तरी आधीचे उन्हाळे मस्त निघाले, २५ वर ठेवला तरी पहाटे पांघरूण शोधावं लागायचं.

या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून नाटकं सुरू झाली. सकाळी लावला की गार. दुपारी साडेबारा-एकला लावला की पहिली पंधरा-वीस मिनिटं बरा चालतो आणि मग हळूहळू नुसता पंखा होऊन जातो. हवा जोरात येऊन राहिली, आवाज तोच, रिमोटवर आकडा तोच, पण हात लावला तर हवा कोमट. कुठलाही एरर कोड नाही, दिवे लुकलुकत नाहीत. रात्री ११ ला लावला की पुन्हा एकदम चिल्ड, जणू दिवसा काही झालंच नव्हतं.

फिल्टर मी स्वतः धुतले, दोनदा. काही फरक नाही. मग कोपऱ्यावरचा एक मेकॅनिक आला, संध्याकाळी ७ ला, त्यानं गेज (गॅसचं प्रेशर दाखवणारा काटा) लावलं आणि म्हणाला ११० दाखवून राहिलं, १४० पाहिजे, गॅस उतरलाय, ३२०० रुपये होतील. मी विचारलं गेला कुठे? तर म्हणे उन्हाळ्यात गॅस उडतो साहेब. आता मी काही एसीचा इंजिनिअर नाही, पण बंद पाईपातून गॅस उडतो म्हणजे काय ते मला समजलं नाही, म्हणून त्याला उद्या सांगतो म्हटलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला तक्रार टाकली तर पाच दिवसांनंतरची तारीख मिळाली.

घरात आई आहे, तिला बीपीचा त्रास, मुलीला सुट्ट्या, आणि नवतपा (मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) तर अजून लागायचाच आहे. ३२०० देऊन मोकळा होऊ का? की आधी आणखी काही बघायचं असते? ज्याला माहीत असेल त्यानं सांगजा.

---

कोथरूडकर_०७

पैसे द्यायच्या आधी रिमोट बघा. हल्लीच्या इन्व्हर्टर एसीत ते कन्व्हर्टिबल का काय असतं, ४०, ६०, ८०, १०० टक्के असं. घरातलं कुणीतरी वीज वाचवायला ते ४० वर टाकतं आणि विसरतं, मग दुपारी दीड टनाचा एसी अर्ध्या-पाऊण टनासारखा वागतो आणि आपण मेकॅनिकला बोलावतो. आमच्याकडे हे झालेलं आहे, कुणी केलं ते अजून कुणीच कबूल केलेलं नाही. ड्राय किंवा इको मोडवर नाही ना तेही बघा.

दुसरं, टनाचा जो आकडा लिहिलेला असतो तो बाहेर ३५ अंश आणि खोलीत २७ अंश असताना मोजलेला असतो. तुमच्याकडे बाहेर ४५. म्हणजे कागदावरचा दीड टन दुपारी दीड टन राहतच नाही. वर गच्ची, पश्चिमेची खिडकी, मला तर वाटतं की तुम्हाला मुळात २ टन घ्यायला हवा होता.

---

वऱ्हाडी_ठेचा

कन्व्हर्टिबल ८० वर होतं!! मुलीचं काम. १०० वर केलं, आज दुपारी लावून बघितला, फरक जवळपास शून्य. आणि २ टनचं म्हणाल तर मागच्या वर्षी हाच एसी याच खोलीत ४५ मध्ये चालला ना भाऊ, खोली काही वाढली नाही.

---

इचलकरंजीचा_मिस्त्री

भावा, आधी ते ३२०० खिशातच ठेव. मी अठरा वर्षं हेच काम करतोय, फ्रीजपासून सुरू केलं, आता निम्मा सीझन एसीच असतात. गॅसचा निकाल असा संध्याकाळी ७ ला एक काटा बघून लागत नसतो.

पहिलं म्हणजे गॅस काही पेट्रोल नाही की वापरला की संपला. तो पाईपात फिरतो, आतली उष्णता घेतो, बाहेर सोडतो, परत येतो. बारा वर्षांचे एसी बघितलेत, एकदाही न भरलेले. कमी झाला असेल तर कुठंतरी गळतोय, आणि गळतोय तर गळती शोधल्याशिवाय भरणारा माणूस तुझ्याकडनं पुढच्या वर्षीचे पण ३२०० घेणार आहे. उन्हाळ्यात गॅस उडत नाही, उन्हाळ्यात गिऱ्हाईक घाबरलेलं असतं एवढंच.

दुसरं ते ११० चं. इन्व्हर्टरचा काटा कॉम्प्रेसरच्या, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या, स्पीडप्रमाणं वरखाली होतो, खोली गरम असली तर वेगळा, गार झाली तर वेगळा. आर-३२ ला ११० म्हणजे कॉइलचं, म्हणजे आतल्या ज्या गार नळ्यांवरनं हवा जाते त्यांचं, तापमान शून्याच्या थोडं वर, संध्याकाळच्या टायमाला चालू मशीनवर हा आकडा मला तरी वाईट वाटत नाही. नुसत्या काट्यावर इन्व्हर्टरचा गॅस ठरवायचाच नसतो. खात्री करायची तर सगळा गॅस काढायचा, व्हॅक्यूम मारायचा, आणि प्लेटवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढा वजन करून भरायचा. त्यानं वजनकाटा आणला होता का? नसणारच.

आणि बरोबर असलेल्या मशीनमध्ये त्यानं वरनं आणखी गॅस टाकला तर दुपारचा त्रास वाढेल, कमी होणार नाही. आउटडोअरचं प्रेशर आधीच उन्हानं चढलेलं असतंय, त्यात आणखी भर.

आता तुझ्या लिहिण्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे वेळ. रात्री ठणठणीत, दुपारी वीस मिनिटांनी बसतो. गॅस कमी असला तरी दुपारी जास्त जाणवतोच, त्यामुळं एवढ्यावर मी पैज लावणार नाही, पण रात्री जर जाळीतनं खरोखर गार हवा येत असेल आणि कॉइलवर बर्फ नसेल तर माझा संशय आउटडोअरवर आहे. उष्णता बाहेर टाकायचं काम त्याचं, ते त्याला जमत नसलं की प्रेशर चढतं, मग आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड कॉम्प्रेसरचा स्पीड उतरवतो, मशीन जळू नये म्हणून. जुना साधा एसी असता तर ओव्हरलोडवर धाडकन बंद पडला असता, दहा-वीस मिनिटांनी परत आला असता. इन्व्हर्टर गुपचूप मान खाली घालतो, म्हणून एरर पण येत नाही आणि तुला वाटतं गॅस गेला.

तर हे कर. घरात थर्मामीटर असंल तर, तापाचा नको, खोलीचा, वायरवाला असला तर बेस्ट. इनडोअरच्या वरच्या बाजूला, जिथनं हवा आत जाते, तिथं एकदा आणि खाली जिथनं हवा बाहेर येते तिथं एकदा. दोन्हीत १० च्या आसपास फरक पाहिजे, १२-१४ असला तर झकास. दुपारी घे आणि रात्री पण घे. इनडोअरचं झाकण उघडून कॉइलवर कुठं बर्फ धरलाय का बघ, आणि कॉइल सगळीकडं सारखी ओली आहे का एकाच कोपऱ्यात ओली आहे ते बघ. गॅस कमी असला की एक पट्टा गारठतो आणि बाकीची कॉइल कोरडी राहते.

आणि एक गंमत सांगतो. लाईटच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो ना, तो मोज. फ्रीज, पंखे, टीव्ही बंद करून फक्त एसी चालू ठेव आणि मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते लिहून ठेव, सुरवातीला आणि गारवा गेल्यावर. क्लॅम्प मीटर (वायरीतला करंट मोजायचं यंत्र) नसलेल्या माणसाचा क्लॅम्प मीटर तो.

आउटडोअर कुठं बसवलाय, समोर काय आहे, मागं भिंत किती लांब, फोटो टाक. खोलायला जाऊ नको. एमसीबी बंद केला तरी इन्व्हर्टरच्या बोर्डावर ३०० व्होल्टच्या वर डीसी काही मिनिटं बसून असतो, तो पाहुणा ओळखीचा होऊ देऊ नको.

---

खाडीकाठची (ठाणे)

मध्येच घुसते, माफ करा, पण गॅसचा विषय निघालाच आहे म्हणून. आमचा एक टनाचा एसी आहे, साधा, इन्व्हर्टर नाही. त्याचं उलटं आहे, तो रात्रीच बिघडतो. दोन-तीन तास चालला की हवा कमी होते, मग आतून टपटप पाणी, बेडवर. झाकण उघडलं तर आत चक्क बर्फ. गॅस २०२३ ला भरला, २०२४ ला भरला, आता परत तेच. दरवेळी माणूस वेगळा पण वाक्य एकच, मॅडम गॅस संपला. मिस्त्री दादा, माझा पण गॅस गेलेला नाही असं सांगा ना, बरं वाटेल.

---

इचलकरंजीचा_मिस्त्री

ताई, तुमचा मात्र गेलेला असणार 🙏

बर्फ दोन कारणांनी धरतो. एक म्हणजे कॉइलवरनं हवाच पुरेशी जात नाही, फिल्टर तुंबलाय, नाहीतर फिल्टरच्या मागचा तो लांब नळकांड्यासारखा ब्लोअर असतो त्याच्या पात्यांत मळ बसलाय. लोक फिल्टर धुतात आणि ब्लोअरकडं कुणी बघतच नाही, टॉर्च मारून बघा, काळी साय बसलेली दिसंल. दुसरं कारण गॅस कमी. पण दोन वर्षांत दोनदा भरून परत तेच म्हणजे तुमची गळती आहे आणि ती कुणी शोधलीच नाही.

आता जो माणूस येईल त्याला फोनवरच विचारा की नायट्रोजनचा सिलिंडर आहे का. नायट्रोजन मारायचा, प्रेशर धरून ठेवायचं, काटा उतरतो का बघायचं, जोडांवर साबणाचा फेस लावायचा. निम्म्या वेळा आउटडोअरला पाईप जोडतात तिथल्या पितळी नटावरच बुडबुडे निघतात, पाईपाचं तोंड परत फुलवून नट घट्ट केला की काम झालं, किरकोळ खर्चात. तिथं नसलं तर इनडोअरची कॉइल. तुम्ही नावात खाडीकाठ लिहिलंय म्हणून विचारतो, घराजवळ नाला आहे का? नाल्याचा गॅस तांब्याला खातो, बारीक बारीक भोकं पडतात, पितळेची भांडी काळी पडतात ना तसाच प्रकार. तसं असलं तर कॉइलला झाळ मारत बसू नका, आज एक भोक बुजवलं की उद्या शेजारी दुसरं, कॉइलच बदलावी लागते आणि वरनं कोटिंग असलेली मिळाली तर तीच घ्या.

आत्ता बर्फ धरलाय तो खरवडू नका. फॅन मोडवर दोन-तीन तास चालवा, आपोआप वितळेल. खाली टब ठेवा.

---

खाडीकाठची

नाला?? खिडकीतून दिसतो 😑 आणि देवघरातली समई आठवड्यात काळी पडते, मी आतापर्यंत उदबत्तीला दोष देत होते.

---

गच्चीवरचा_कावळा

@ठेचा भाऊ, एवढं कशाला, दुपारी आउटडोअरवर पाण्याचा पाईप धरा दोन मिनिटं. आमच्या अकोल्यात सगळे करतात. कुणी कुणी तर कूलरचं जुनं वाळ्याचं तट्टं आउटडोअरच्या मागे बांधून त्यावर थेंब थेंब पाणी सोडतात, जबरदस्त चालतो.

---

इचलकरंजीचा_मिस्त्री

चालतो, खोटं नाही. पण बोअरचं पाणी रोज मारलं तर दोन महिन्यांत फिनवर, म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्यांवर, पांढरा क्षार बसतो, तो निघता निघत नाही आणि मग पाणी मारल्याशिवाय एसी चालतच नाही अशी सवय लागते त्याला. आणि तट्टं बांधलं की हवा पण अडते. सर्व्हिसच्या वेळी धुवायला पाणी ठीक, औषध म्हणून रोज नको.

---

वऱ्हाडी_ठेचा

मिस्त्री भाऊ, तुमचं होमवर्क करून आणलं. मुलीच्या सायन्स प्रोजेक्टचं वायरवालं डिजिटल थर्मामीटर सापडलं.

काल रात्री ११.३०: वर २८, खाली १४.
आज दुपारी १ ला चालू केल्यावर दहा मिनिटांनी: वर ३४, खाली २१.
१.४० ला: वर ३४, खाली ३०. म्हणजे फक्त ४ चा फरक, तेव्हा एसी कशाला, हातपंखा घेऊन बसलो असतो तरी चाललं असतं.

बर्फ कुठेच नाही. कॉइल सगळीकडे सारखी ओली होती, पाण्याचा पाईप पण चांगला टपकून राहिला.

मीटरचा दिवा मी आणि मुलीनं मिळून मोजला, जिन्यात उभं राहून, शेजारचे काका विचारून राहिले की मीटरमध्ये काही गडबड करता का म्हणून. सुरवातीला मिनिटाला ७८, गारवा गेल्यावर ३१. मीटरवर ३२०० इम्प असं काही लिहिलंय (म्हणजे एका युनिटला ३२०० वेळा लुकलुक) त्यावरून मुलीनंच हिशोब केला, सुरवातीला साधारण १४६० वॉट आणि नंतर ५८० वॉट. तर तुम्ही म्हटलं तसंच, मान खाली घालून राहिला तो.

आउटडोअर बेडरूमच्या बाल्कनीत खाली स्टँडवर आहे, मागे भिंत एक फूट, समोर मोकळं आहे, रेलिंग आहे फक्त. फोटो रात्री टाकतो, आत्ता बाल्कनीत पाय ठेववत नाही.

---

इचलकरंजीचा_मिस्त्री

शाब्बास, पोरगीला माझ्याकडं पाठव कामाला.

बघ, रात्री १४ चा फरक, दुपारी पहिल्या दहा मिनिटांत १३ चा फरक, कॉइल सारखी ओली. गॅस कमी असलेला एसी असले आकडे देत नाही. तुझा गॅस आहे तिथंच आहे. १४६० वरनं ५८० वर आला म्हणजे बोर्डानं स्पीड उतरवलाय, आणि खोली ३४ वर असताना उतरवलाय, म्हणजे खोली गार झाली म्हणून नाही, बाहेर गुदमरलाय म्हणून.

एक शंका. नागपुरात मे महिन्यात हवा कोरडी ठाक असते, तरी पाईप एवढा टपकतोय? घरात कूलर चालू आहे का?

आणि ते समोर मोकळं म्हणजे किती मोकळं? आउटडोअरच्या पंख्यासमोर उभा राहून हवा कुठं जाते बघ. आउटडोअरच्या मागच्या बाजूला, भिंतीकडं, थर्मामीटरची वायर सोड आणि एसी गार करायचा थांबला की आकडा बघ. तो बाहेरच्या हवेएवढाच पाहिजे, एखाद-दोन अंश जास्त चालेल. मागची जाळी पण बघ, सगळी घाण मागं बसते आणि लोक पुढनं बघून म्हणतात स्वच्छ आहे. आमच्याकडं यंत्रमागाचा कापूस उडतो, एका सीझनमध्ये मागं गादी तयार होते, बोटानं सोलून काढतो आम्ही.

---

वऱ्हाडी_ठेचा

आता मला शिव्या घाला, मी पात्र आहे.

समोर मोकळं आहे असं मी लिहिलं कारण माझ्या डोक्यात ते मोकळंच होतं. आता थर्मामीटर घेऊन गेलो तर लक्षात आलं की रेलिंगला हिरवी नेट बांधलेली आहे, खालपासून वरच्या स्लॅबपर्यंत, तीही दुहेरी. मे च्या पहिल्या आठवड्यात आईनं माळ्याकडून बांधून घेतली, मोगरा आणि कढीपत्ता करपून राहिला होता म्हणून, शिवाय कबुतरं. मी रोज बघतो ती, पण ती नेट आहे, त्यातून हवा जाते असंच डोक्यात. आउटडोअरच्या पंख्यापासून जेमतेम एक फूट.

वायर मागे सोडली. दुपारी २ ला बाहेर गच्चीवर सावलीत ४४, आणि आउटडोअरच्या मागे ५५. पंचावन्न!! म्हणजे स्वतःचीच गरम हवा नेटवर आपटून परत मागून ओढून राहिला होता बिचारा. नेटजवळ उभं राहिलो तर चेहरा भाजल्यासारखा झाला.

एमसीबी बंद करून मागची जाळी पण बघितली, धूळ आणि कबुतराची पिसं, अर्धी जाळी दिसत पण नाही.

आणि हो, हॉलमध्ये कूलर चालू असतो दिवसभर, आईला एसी मानवत नाही, ती हॉलमध्ये बसते आणि बेडरूमचं दार अर्धं उघडं ठेवते, नातीवर लक्ष ठेवायला. हे तुम्हाला इचलकरंजीत बसून कसं समजलं?

---

इचलकरंजीचा_मिस्त्री

पाण्यानं सांगितलं. कूलरची ओली हवा बेडरूममध्ये येते, एसीची बरीच ताकद त्या वाफेचं पाणी करण्यात जाते, मग खोली गार करायला काय उरणार. कूलर आणि एसी एका घरात राहू देत, पण मध्ये दार लावा.

नेट एसीसमोरची आजच काढ. मागची जाळी धुवून घे, सकाळी, मशीन गार असताना, एमसीबी बंद करून. साध्या पाईपानं वरनं खाली, आधी मऊ ब्रशनं उभं उभं झाडून घे, आडवं नको, फिन वाकतात. जेट पंप आणणारा कुणी असला तर त्याला लांबनं मारायला सांग, जवळनं मारला की फिन सपाट होतात आणि मग हवा कायमचीच बंद. वायरींच्या बाजूला पाणी नको. वाळू दे तासभर.

---

कोथरूडकर_०७

मी २ टन घ्यायला सांगत होतो ते मागे घेतो. २ टनचा लावला असता तर त्या नेटच्या आत ५५ च्या जागी ६० झालं असतं. एक मात्र म्हणेन, १८ वर ठेवू नका. २०२० पासून नवीन स्टार लेबलवाले एसी सुरू होताना २४ वरच सुरू होतात, ते काहीतरी विचार करूनच केलंय. तुमच्याकडच्या उन्हात २६ आणि वर हळू पंखा, पुरतं. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून काही लावता आलं तर बघा, आतल्या पडद्यानं ऊन थांबत नाही, काच तापायची ती तापतेच. ती नेट तिथे वापरा की.

---

वऱ्हाडी_ठेचा

अपडेट. सकाळी ६ ला उठून जाळी धुतली, जे पाणी निघालं ते चहाच्या रंगाचं होतं. नेट आउटडोअरच्या समोरची पूर्ण कापली.

आज दुपारी, बाहेर ४४ च होतं:
आउटडोअरच्या मागे ४६.
२.१५ ला, म्हणजे सव्वा तास चालल्यावर, वर २९ आणि खाली १६. दार बंद करून.
मीटर ७० च्या आसपास, खाली पडला नाही. चार वाजता खोली २७ वर आल्यावर मग हळूहळू उतरला, पण तो उतरण्यासाठीच आहे ना तेव्हा.

खर्च शून्य. माळ्याला नेटचे ६०० दिले होते ते सोडून.

मेकॅनिकचा फोन आला होता, साहेब येऊ का गॅस घेऊन. मी म्हटलं गॅस सापडला. तो म्हणे कुठे? मी म्हटलं बाल्कनीत. बराच वेळ काही बोलला नाही. मी त्याला नेटचं सगळं सांगितलं, माणूस वाईट नाही, म्हणाला दुपारी आलो असतो तर मलाही दिसलं असतं, संध्याकाळी ७ ला सगळेच एसी चांगले चालतात. मग मी विचारलं, चांगला चालत होता तर गॅस कमी कसा काय होता रे? त्यावर म्हणे, नेटवर्क नाही साहेब.

सर्व्हिस सेंटरची तारीख कॅन्सल करू का? वॉरंटीत मोफत तपासणी आहे.

---

इचलकरंजीचा_मिस्त्री

करू नको. येऊ दे. आउटडोअरच्या पंख्याचा स्पीड आणि बेअरिंग बघून घे म्हणावं, ५५ मध्ये दोन-तीन आठवडे फिरलाय तो. ब्लोअर पण साफ करून घे. गॅसचं नाव काढलं तर हे आकडे दाखव, रात्रीचे आणि दुपारचे, वेळेसकट. आणि पैसे मागितले तर काय तपासलं ते कागदावर लिहून माग. लिहून देत नसतील तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, नुसता नंबर उच्चारला तरी बऱ्याचदा भाषा बदलते.

---

खाडीकाठची

माझं पण ऐका. नायट्रोजनवाला माणूस मिळाला, तिसऱ्या फोनवर. पहिल्या दोघांनी "नायट्रोजन कशाला मॅडम" असं विचारलं तेव्हाच ठेवून दिले. नटावर काही नव्हतं, इनडोअर कॉइलवर दोन ठिकाणी बुडबुडे. डाव्या बाजूला, वाकणाच्या तिथे. म्हणजे नालाच. कॉइलचे साडेसहा हजार सांगतोय, एसी नऊ वर्षांचा आहे. घरात मतदान चालू आहे, नवीन घ्यायचा की कॉइल. नवऱ्याचं मत आहे नाल्याकडची खिडकी बंद ठेवायची, ते मत मी बाद केलंय.

---

इचलकरंजीचा_मिस्त्री

नऊ वर्षांचा साधा एक टन असेल तर मी माझ्या घरात कॉइल घातली नसती ताई. पण घेताना दुकानदाराला नाल्याचं सांगून घ्या, कॉइलवर कोटिंग आहे का आणि वॉरंटीत कॉइलची गळती बसते का, दोन्ही बिलाच्या मागं लिहून. तोंडी नको.

---

वऱ्हाडी_ठेचा

एक शेवटचं राहिलं. आई म्हणते तुमचा एसी गार झाला पण माझी तुळस आता डायरेक्ट त्याच्या गरम हवेत आली, नेट होती तेव्हा निदान ऊन तरी लागत नव्हतं. कुंडी हलवायला जागा फक्त एसीच्या मागच्या बाजूला आहे, भिंतीच्या आणि त्याच्या मध्ये. तिथे ठेवली तर चालेल का?

---

इचलकरंजीचा_मिस्त्री

नाही!!! तिथनंच तो श्वास घेतो. तुळस स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेव आणि काकूंना माझा नमस्कार सांग.